इंडेक्स टाकलाय तरी क्वेरी स्लोच? या चुका टाळा

क्वेरी स्लो झाली की आपण व्हेअरमध्ये (क्वेरीतल्या अटीत) दिसेल त्या प्रत्येक कॉलमवर एकेक इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची) टाकून मोकळे होतो आणि दोन दिवसांनी तीच क्वेरी परत रखडते. इंडेक्स टेबलासाठी नसतो हो, क्वेरीसाठी असतो. म्हणून आधी एक्सप्लेन अ‍ॅनालाइज (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) लावा आणि एकच गोष्ट बघा, डेटाबेसने किती रेकॉर्ड वाचले आणि त्यातले किती फिल्टर करून फेकून दिले. लाखभर वाचून वीस हातात आले असतील तर दुखणं तिथंच आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सुटे सुटे इंडेक्स. समजा एका यूजरच्या पेंडिंग ऑर्डर्स हव्यात, नवीन आधी, फक्त २०. यूजर आयडी, स्टेटस आणि तारीख असे तीन वेगळे इंडेक्स असले तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) बहुतेक वेळा त्यातला एकच उचलतो, उरलेलं फिल्टर करतो आणि वर सॉर्ट करत बसतो. त्याऐवजी यूजर आयडी, स्टेटस, तारीख या क्रमाने एकच कॉम्पोझिट (अनेक कॉलम मिळून केलेला) इंडेक्स टाकला की तो थेट योग्य जागी जातो, २० रेकॉर्ड वाचतो आणि थांबतो, सॉर्ट लागतच नाही. म्हणजे बरोबर-चिन्हवाले कॉलम आधी, मग ऑर्डर बायचा किंवा रेंजचा.

आता खरी अडचण, रेंज आणि सॉर्ट वेगवेगळ्या कॉलमवर असतील तर? रक्कम ५०० च्या वर आणि सॉर्ट तारखेवर, अशा वेळी रक्कम मध्ये घातली की तिच्या पुढची तारीख सॉर्टला उपयोगी पडत नाही. रकमेच्या अटीने थोडेच रेकॉर्ड गळत असतील आणि लिमिट लहान असेल तर मी सरळ यूजर आयडी आणि तारीख एवढाच इंडेक्स ठेवतो, रक्कम जाता जाता फिल्टर होऊ दे. उलट ५०० च्या वरचे रेकॉर्ड अगदी मोजकेच असतील तर रक्कम घ्या आणि थोडंसं सॉर्ट सहन करा. आणि ते "जास्त युनिक कॉलम आधी" हे सगळीकडे ऐकू येतं ना, दोन्ही कॉलमवर बरोबर-चिन्ह असेल तर त्या क्वेरीला क्रमाने जवळजवळ काही फरक पडत नाही, बाकीच्या क्वेरींना इंडेक्सचा पहिला भाग वापरता येतो का हे बघून क्रम ठरवा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८ व्या व्हर्जनमध्ये पहिला कॉलम गाळून पुढचा वापरणारं स्किप स्कॅन आलंय, पण पहिल्या कॉलममध्ये वेगळ्या व्हॅल्यू कमी असतील तरच त्याचा फायदा, त्याच्या भरवशावर डिझाइन करू नका.

इंडेक्स आहे पण वापरलाच जात नाही, असं असेल तर कॉलमवर फंक्शन लावलंय का ते बघा. तारखेच्या कॉलमला डेट फंक्शनमध्ये गुंडाळलं की साधा इंडेक्स बाद, त्याऐवजी दिवसाची सुरुवात ते दुसऱ्या दिवसाची सुरुवात अशी रेंज लिहा. मायएसक्यूएलमध्ये फोन नंबर टेक्स्ट कॉलममध्ये असेल आणि तुलना कोट न लावता आकड्याशी केली तर इंडेक्स गुपचूप सुटतो, पोस्टग्रेस निदान एरर तरी देतं. दोन्हीकडून टक्का लावलेल्या लाइक सर्चला बी-ट्री (नेहमीचा साधा इंडेक्स) चालत नाही, पोस्टग्रेसमध्ये ट्रायग्रॅमचा (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा) जिन इंडेक्स टाका.

स्टेटससारख्या तीन-चार व्हॅल्यूंच्या कॉलमवर नुसता इंडेक्स सहसा फुकट जातो. ९५ टक्के ऑर्डर पूर्ण झालेल्या असतील आणि तुम्ही कायम पेंडिंगच शोधत असाल तर पोस्टग्रेसमध्ये फक्त पेंडिंगपुरता पार्शल इंडेक्स करा, छोटासा राहतो आणि मेमरीत मावतो. फक्त तीच अट क्वेरीत स्पष्ट लिहिलेली हवी.

आता रायटिंगची बाजू, आणि इथे मला खरंच कळकळ आहे. प्रत्येक इन्सर्टला सगळे इंडेक्स अपडेट होतात. आमच्या एका इव्हेंट टेबलावर ११ इंडेक्स होते, रात्रीचा बॅच सकाळपर्यंत चालायचा. आकडेवारीत सहांचे स्कॅन (म्हणजे वापर) शून्य दिसले म्हणून आम्ही ते उडवले, बॅच पळायला लागला, पण दुसऱ्या दिवशी रिपोर्ट अडकले कारण रिपोर्ट रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसची कॉपी ठेवणाऱ्या सर्व्हरवर) चालायचे आणि रेप्लिकाची स्कॅनची मोजणी वेगळी असते, ती आम्ही बघितलीच नव्हती. त्यामुळे उडवायच्या आधी सगळ्या सर्व्हरवर बघा, आणि महिनाअखेरीला एकदाच चालणाऱ्या क्वेरी पण धरा. मायएसक्यूएल ८ मध्ये इंडेक्स आधी इनव्हिजिबल (असतो, पण क्वेरीसाठी वापरला जात नाही असा) करून बघता येतो, ती सोय जरूर वापरा.

नुसती शेवटी भर पडत जाणाऱ्या लॉग टेबलाला तारखेवर ब्रिन इंडेक्स पुरतो, तो डिफॉल्टला १२८ पेजेसमागे एकच सारांश ठेवतो म्हणून अगदी लहान असतो, पण डिस्कवरचा क्रम तारखेप्रमाणेच हवा. फॉरेन कीवर (दुसऱ्या, म्हणजे पॅरेंट टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) पोस्टग्रेस आपोआप इंडेक्स करत नाही, पॅरेंट डिलीट करायला वेळ लागतोय तर आधी तेच तपासा.

आणि लाइव्ह पोस्टग्रेसवर इंडेक्स टाकताना कन्करंटली लिहायला विसरू नका, नाहीतर तेवढा वेळ टेबलावरचं रायटिंग अडतं. ते मध्येच फेल झालं तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, क्वेरीला उपयोग शून्य पण प्रत्येक इन्सर्टला ओझं चालूच, तो शोधून ड्रॉप करा आणि परत बनवा.