रेस्क्यू-फॉस्टरचा ग्रुप चालवताय? या चुका टाळा (आम्ही सगळ्या करून बसलो)

आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातला. शेल्टर म्हणाल तर एका दादाच्या वावरातला जुना गोठा, वर टिन अन् बाजूनं पऱ्हाटीचा कूड, त्यात मावून मावून दहा-बारा जनावरं. बाकी सगळी लोकांच्या घरी म्हणजे फॉस्टरकडं, दत्तक जाईपर्यंत सांभाळणाऱ्यांकडं, अन् हे सगळं चालते व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुप काढायला काय लागते, नाव टाकलं, पंजाचा इमोजी टाकला, ओळखीचे साठ जण ॲड केले, झालं, असं आम्हाला पण वाटलं होतं. नंतर कळलं का ग्रुप काढणं सोपं, पण त्या ग्रुपमधून एक पिल्लू खरंच कोणाच्या तरी हातात जाणं, ते अवघड.

"मी बघतो" हा शब्द बंद करा

पहिली अन् सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी हीच सांगतो. एका संध्याकाळी मेसेज आला, बसस्टँडच्या मागं नालीत पिल्लू पडलं, मागचा पाय गेला. अर्ध्या तासात तीस-पस्तीस रिप्लाय. रडके इमोजी, "अरेरे", "कोणीतरी जा ना बाप्पा", "मी अमरावतीला आलो, नाहीतर गेलोच असतो", अन् त्यातच दोघांनी लिहिलं, मी बघतो. झालं, सगळे निवांत जेवून झोपले. सकाळी विचारलं तर एक म्हणे, मले वाटलं थो गेला. दुसरा पण तेच म्हणे. पिल्लू रात्रभर नालीत. जिवंत सापडलं हे त्याचं नशीब, आता आमच्या एका टेलरकाकाकडं आहे, तीन पायावर, अन् येणाऱ्या प्रत्येक एसटीवर भुंकते.

दोघंही चांगलीच पोरं होती, खोटं नाही बोलले. पण "मी बघतो" म्हणजे जातो, का फोन करून पाहतो, का उद्या पाहू? कोणालाच माहीत नाही. त्या दिवसापासून आमचा नियम असा का जाणारा लिहिते "घेतलं, 7 वाजेपर्यंत पोचतो", अन् ॲडमिन खाली लिहिते "केस अमक्याकडं". सात वाजले, काही खबर नाही, तर केस परत मोकळी, दुसऱ्यानं उचलायची, अन् पहिल्याला कोणी बोलायचं नाही. त्याची गाडी पंक्चर झाली असंल, बाप रागावला असंल, होते असं. बाकीच्यांनी मधात इमोजी टाकायचे नाही. दुःख झालं तर मनात ठेवा.

अर्जंट आहे, पण कुठं?

"अर्जंट हेल्प, डॉगी क्रिटिकल", खाली फोटो, अन् माणूस ऑफलाइन. गाव नाही, वेळ नाही, नंबर नाही. आम्ही आता एकच मेसेज पिन करून ठेवला, त्यात एवढंच विचारलं: गाव कोणतं, जवळची खूण काय, जनावर कोणतं, काय झालं, तुम्ही तिथं थांबू शकता का, अन् फोन नंबर. खुणेत "मारुतीच्या देवळाजवळ" लिहू नका, प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ आहे. लोकेशन टाका, पण खेड्यात नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लोकेशन टाकून वर फोन पण करा. पिन 30 दिवसात आपोआप निघून जाते, महिन्याच्या 1 तारखेला परत लावायची आठवण ठेवा.

अन् फॉरवर्ड. तारीख नसलेला फॉरवर्ड आमच्या ग्रुपात चालत नाही. मी स्वतः एकदा असाच मेसेज पाहून रात्री साडेदहाला फोन लावला, पलीकडून बाई म्हणाल्या, दादा ते कुत्रं चार महिन्यापूर्वीच दत्तक गेलं, तुम्ही आजचे नववे.

एकाच ग्रुपात सगळं कोंबणं

पोळ्याच्या दिवशी आमच्या ग्रुपवर बैलांचे फोटो, शुभेच्छा, कोणाच्या झुली भारी यावरून मस्करी, असे शंभरावर मेसेज, अन् त्याच्या मधात कुठंतरी "विहिरीत कुत्रं पडलं, दोर पाहिजे". पाहिलं कोणी? तीन तासानं. विहिरीत पायरी होती म्हणून ते बसून राहिलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोन ग्रुप केले. एक फक्त केसचा, त्यात शुभेच्छा नाही, वाढदिवस नाही. दुसरा गप्पांचा, तिथं काय करायचं ते करा, अन् तो बंद करू नका, कारण फॉस्टर लोकं टिकतात ते त्या गप्पांमुळंच. डॉक्टरचे नंबर, लसीच्या तारखा वगैरेसाठी तिसरा, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात. तीनच्या वर जाऊ नका. एका उत्साही पोरानं आमच्याकडं सात केले होते, त्यातल्या पाचात तो एकटाच बोलून राहिला होता.

हो, अन् डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठरलेल्या वेळानं आपोआप पुसले जाणारे, ते चालू करू नका. फोन भरतो म्हणून कोणीतरी ते 24 तासावर लावलं, अन् अकरा पिल्लांच्या जंतनाशकाच्या तारखा गायब.

ग्रुपमधली डॉक्टरकी

इथं जीव जातात म्हणून जरा लांबण लावतो.

मांजर गरम लागते, ताप आहे वाटते, कोणीतरी लिहिते "अर्धी क्रोसिन द्या, आमच्या मन्याले दिली होती". क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, अन् ते मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आपली दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पोटात रक्तस्राव करते, किडनी घालवते. आमचा नियम, गोळीचं नाव अन् डोस ग्रुपवर लिहायचा तर फक्त डॉक्टरनं, बाकी कोणी लिहिलं का ॲडमिन लगेच डिलीट मारते, मग तो कितीही सिनिअर का असेना. आमच्याकडं एक काका यावरून दोन महिने रुसले होते, रुसू द्या.

दुसरं म्हणजे दूध. थंडीत गारठलेलं पिल्लू आणलं का पहिले गाईचं दूध पाजायची घाई. पहिले गरम करा, छातीशी धरा, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. गार पिल्लाला दूध पचतच नाही. अन् पाजताना पालथं ठेवून पाजा, आपल्या लेकरासारखं उताणं नाही, दूध श्वासात जाते. गाईच्या दुधानं हगवण लागते, त्यापेक्षा पिल्लांचं पावडर दूध दोन डबे कोणातरी एकाकडं कायम ठेवलेले बरे.

अन् आता सगळ्यात डेंजर मेसेज. "कुत्र्याच्या घशात हाड अडकलं, लाळ गळून राहिली, तोंड मिटत नाही". हे वाचलं का आमच्या अंगावर काटा येते. हाड असू शकते, पण जबडा लोंबणं, लाळ, गिळता न येणं, आवाज बदलणं, ही रेबीजची पण लक्षणं आहेत, अन् भला माणूस हाड काढायला तोंडात हात घालते. गाई-बैलाचं पण तेच, शेतकऱ्याला वाटते काही अडकलं, तो थेट कोपरापर्यंत हात घालते. असा मेसेज आला का ॲडमिननं पहिली ओळ हीच लिहायची: हात घालू नका, लांब व्हा, लेकरं-बकऱ्या बाजूला करा, डॉक्टरला फोन करा. हात घातलाच असेल किंवा चावलं, ओरखडलं असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, घड्याळ पाहून. मिरची, चुना, हळद काही लावू नका. अन् त्याच दिवशी सरकारी दवाखाना, लस तिथं मिळते, जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं सीरमही विचारून घ्या. लक्षणं दिसल्यावर या रोगाचा माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून "घरचंच कुत्रं आहे, काय होते" हे ऐकून घेऊ नका. जे नेहमी जनावरं धरतात त्यांनी आधीच प्रतिबंधक डोस घेऊन ठेवावे. अन् दहावीतली पोरं ग्रुपात असतील तर फोटो काढा, पोस्टर चिकटवा, पण धरायला पाठवू नका.

गाय-बैल-बकरीची केस असेल तर 1962 वर फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो टोल फ्री नंबर आहे. हाड मोडलं, ऑपरेशन लागते, तर शेवटी नागपूर किंवा अकोल्याचं व्हेटर्नरी कॉलेज गाठावं लागते, अन् तिथं जायची गाडी आधीच ठरलेली पाहिजे, रात्री बाराला शोधायची नाही.

फॉस्टरचा पत्ता

आमच्या एका ताईंचं नाव-पत्ता कौतुकानं ग्रुपवर टाकला, "पिल्लांची माय, घर अमुक ठिकाणी". आठ दिवसात सकाळी फाटकापाशी सोयाबीनचा कट्टा, सुतळीनं बांधलेला, हलून राहिला होता. आत पाच पिल्लं, सगळ्या माद्या. माद्याच असतात, नर लोकं ठेवून घेतात. पुढच्या दोन महिन्यात असे तीन कट्टे. ताईंच्या नवऱ्यानं फॉस्टर बंद करायला लावलं, बरोबरच केलं त्यांनी. पत्ता फक्त दोन ॲडमिनकडं ठेवा, दत्तक घ्यायला येणाऱ्याला पण बाहेर चौकात भेटवा.

"दोन दिवस ठेवा ना ताई" ही दुसरी फसवणूक. दोन दिवसाचे चार महिने होतात, अन् फॉस्टर बिचारी विचारते तर ग्रुप चूप. पिल्लू देतानाच लिहून द्या, कोणत्या तारखेपर्यंत, खाणं कोणाचं, दवाखान्यात कोण नेणार, अन् त्या तारखेच्या चार दिवस आधी ॲडमिननं स्वतःहून फोन करायचा. फॉस्टर नाही म्हणाली तर "तुम्हीच असं केलं तर कसं" असं बोलू नका. फॉस्टर अशानं एकदा गेली का परत येत नाही, अन् वहिनीलाही येऊ देत नाही.

पार्व्हो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांचा जीवघेणा हगवणीचा रोग. पार्व्होचं पिल्लू ज्या घरात होतं तिथं लस न झालेलं दुसरं पिल्लू टाकू नका. हा विषाणू मातीत, अंगणात महिनोन्महिने टिकते अन् फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही, ब्लीच लागते, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. शेणानं सारवलेलं अंगण तर त्यानं पण साफ होत नाही. आम्ही फॉस्टरची यादी ठेवतो त्यात "पार्व्हो झाला, महिना कोणता" असा रकानाच आहे. नवीन पिल्लू दोन आठवडे वेगळं, घरच्या कुत्र्यापासून लांब.

वावरातली "मांजरीची पिल्लं"

तूर, गहू, हरभरा काढणीला आला का ग्रुपवर फोटो येतात, "बिचारी मांजरीची पिल्लं, माय नाही, कोण घेते?" अर्ध्या वेळा ती रानमांजराची असतात, कधी बिबट्याची पण. उचलून घरी आणली का वन्यजीव कायदा 1972 लागतो, अन् रात्री माय शोधत येते ते वेगळंच. मजूर बाजूला करा, पिल्लं आहेत तिथंच राहू द्या, अन् वनविभागाला 1926 वर कळवा. पोपट, ससा, माकड, साप, तेच. फॉस्टरसाठी यातलं काहीच नाही.

उन्हात गाडीवर

मे महिन्यात 45 डिग्रीत, दुपारी दोनला, पोत्यात घालून मोटरसायकलवर आणलेलं कुत्रं दवाखान्यात पोचेपर्यंत मेलेलं असते, अपघातानं नाही, उन्हानं. टमाट्याचे दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून दोरीनं बांधा, हवा खेळते, ओलं पोतं वरून टाका, अन् सकाळी आठच्या आत निघा.

पैसे अन् भांडणं

ग्रुपवर स्वतःचा क्यूआर टाकला, पैसे आले, बिल नाही टाकलं, संपला तो ग्रुप. आमच्याकडं एक माणूस पैसे घेते, दुसरा खर्च करते, अन् बिलाचा फोटो त्याच दिवशी. उरलेले 140 रुपये पण लिहितो. हसतात लोकं, हसू द्या.

भांडण बहुतेक एकाच गोष्टीवरून, कोणीतरी गावातल्या माणसाचा फोटो टाकते, "या राक्षसानं कुत्र्याला मारलं". थांबा. त्याच्या तीन बकऱ्या कुत्र्यांनी फाडल्या असतील, अन् उद्या त्याच गावात तुम्हाला नसबंदीसाठी कुत्रे धरायला जायचं आहे. खरंच विष घातलं असेल तर पोलिसात जा, भारतीय न्याय संहितेत कलम 325 आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते ठाण्यात, ग्रुपवर नाही. ॲडमिन लोकांना भीती असते का कोणी काही टाकलं तर आपण आत जातो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मधे गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलं आहे का संगनमत नसेल तर सभासदाच्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. म्हणून काहीही राहू द्यायचं असं नाही, डिलीटचं बटन आहे ते वापरा.

ॲडमिन एकच ठेवू नका, तीन ठेवा, त्यातली एक तरी बाई पाहिजे, कारण फॉस्टर बहुतेक बायाच असतात अन् रात्री दहाला त्या माझ्यासारख्याला फोन नाही करत. अन् नंबर कागदावर ठेवा. मागच्या पावसाळ्यात माझा फोन नाला ओलांडताना पाण्यात गेला, बॅकअप नव्हतं, सगळ्या फॉस्टरचे नंबर गेले. आता एक दोनशे पानी वही आहे, चौकातल्या किराणा दुकानात तराजूच्या मागं ठेवलेली, दुकानदार काका स्वतः कुत्र्याला भितात पण वही कोणाला द्यायची अन् कोणाला नाही ते त्यांना पक्कं माहीत आहे.