‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी

तालुका न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास बोर्डावरची प्रकरणे पुकारली जाऊ लागतात. किरकोळ फौजदारी प्रकरणांतले आरोपी एकेक करून पुढे येतात, न्यायाधीश त्यांना आरोप समजावून सांगून ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारतात, आणि व्हरांड्यात कुणीतरी दिलेला सल्ला आठवून त्यांतले काहीजण ‘कबूल आहे’ म्हणतात. मग नाझरकडे, म्हणजे न्यायालयाची रोकड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, दंड भरायचा, पावती खिशात घालायची आणि पुन्हा तारखेला यावे लागणार नाही या समाधानाने घर गाठायचे. प्रकरण मिटले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांच्या नावावर दोषसिद्धी, म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवल्याची नोंद, झालेली असते.

काही वर्षांपूर्वी एक तरुण सरकारी भरतीचा साक्षांकन नमुना, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायचा कागद, घेऊन माझ्याकडे आला होता. ‘आपल्याला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?’ या रकान्यापाशी त्याचे पेन थांबले होते. बांधावरच्या भांडणात त्याला पाचशे रुपये दंड झाला होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती पावती तो निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून मला दाखवत होता. त्याला खरे सांगताना मला फार जड गेले. हे लिहिण्याचे कारण ती पावती आहे.

सर्वप्रथम हातातला कागद नीट वाचावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. घटना त्या तारखेपूर्वीची असेल, तर गुन्ह्याची कलमे जुन्या दंड संहितेचीच राहतात. म्हणून कलमाचा आकडा पाहून घाबरण्यापूर्वी तो कोणत्या कायद्यातला आहे हे पाहावे. जुन्या कायद्यातले ३२३ म्हणजे आताचे ११५(२), आणि दोन्हींचा विषय साधी दुखापत हाच आहे.

तक्रार अदखलपात्र आहे की दखलपात्र, हा त्यानंतरचा प्रश्न. अदखलपात्र म्हणजे ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात तो गुन्हा असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवला जातो, त्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो आणि तपास सुरू होतो. बांधावरच्या त्याच भांडणात शिवीगाळ, धमकी आणि चापट एवढेच असेल तर ती एनसी राहते. हत्यार वापरल्याचे न्याय संहितेचे ११८(१) हे कलम लागले की तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा दखलपात्र गुन्हा होतो, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रात हाड मोडल्याची किंवा दात पडल्याची नोंद आली की ती ‘गंभीर दुखापत’ ठरून शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. सगळे प्रकरण कधीकधी त्या प्रमाणपत्रातल्या एका ओळीवर उभे असते, म्हणून त्याची प्रत मिळेल तेव्हा सर्वांत आधी ती ओळ वाचावी. फिर्यादीला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. आरोपीलाही ती मागता येते, आणि २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो.

नोटीस आणि अटक

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अटकेची गरज नसेल तेथे पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावयाची असते. ही नोटीस आली की काहीजण घर सोडून पाहुण्यांकडे जातात, आणि ही चूक महागात पडते, कारण नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना तशी कारणे लेखी नोंदवावी लागतात, तर न जाणारा आपल्या अटकेचे कारण स्वतःच पुरवतो. जाताना नोटिशीची झेरॉक्स सोबत न्यावी आणि हजर राहिल्याची तारीख-वेळ तिच्यावर लिहून ठेवावी.

अटक झालीच, तर अटकेची कारणे सांगितली जाणे, नातेवाइकाला कळवले जाणे, चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे, हे हक्क आहेत. ते उपकार नाहीत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मात्र त्या निवेदनातून एखादी वस्तू सापडली, तर शोधाशी संबंधित तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो. त्यामुळे कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, आणि वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवण्याची मागणी करावी.

रिमांडच्या वेळी, म्हणजे न्यायालय कोठडीबाबत निर्णय देते तेव्हा, पीसीआर आणि एमसीआर हे दोन शब्द कानावर पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. ती एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही, पण नव्या संहितेनुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, अर्थात तुरुंग. घरच्यांना एमसीआर हा शब्द ऐकून रडू कोसळते, परंतु व्यवहारात नियमित जामिनाच्या अर्जाला सहसा त्यानंतरच वाट मिळते. कोठडीत मारहाण झाली असेल, तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांना पहिल्याच हजेरीत सांगावी आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत, तिची नोंद होते की नाही हे पाहावे.

जामीन

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकाधीन असतो, आणि अटकेची रास्त भीती असेल तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र (तपासाअंती पोलीस आरोपीविरुद्ध न्यायालयात देतात तो अहवाल) दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. मुदत संपल्यावर अर्ज न करता थांबले आणि तेवढ्यात दोषारोपपत्र दाखल झाले, तर तो हक्क गेला. दिवस घरच्यांनीच मोजावेत.

जामिनाचा आदेश झाला तरी माणूस त्याच संध्याकाळी घरी येईलच असे नाही. जामीनदार लागतो, आणि त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, ओळखीचे कागद, काही ठिकाणी ऐपतदार दाखला (आर्थिक ऐपतीचे प्रमाणपत्र) यांची जुळवाजुळव करण्यातच दिवस जातो. हे कागद आदेशाच्या आधीच तयार ठेवावेत. जामीनदार मिळतच नसेल, तर रोख रकमेवर किंवा वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडण्याची विनंती करता येते. सुटल्यावर तारखेला गैरहजर राहू नये. अजामीनपात्र वॉरंट निघते, जामीनदाराला भुर्दंड बसतो, आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. अडचण असेल त्या दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा.

दोषारोपपत्रापासून निकालापर्यंत

प्रत्येक तपास खटल्यात संपतो असे नाही. महाराष्ट्रात पोलीस ‘समरी’ही पाठवतात: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही अशी ‘अ’, फिर्याद खोटी अशी ‘ब’, आणि गैरसमजातून फिर्याद झाली अशी ‘क’. ती मान्य करायची की नाही हे न्यायालय ठरवते.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर जबाब, पंचनामे, वैद्यकीय कागद अशी सर्व कागदपत्रे आरोपीला विनामूल्य मिळतात. ती पान क्रमांकानुसार मोजून घ्यावीत. गंभीर गुन्हे सत्र न्यायालयाकडे वर्ग होतात. इतर गुन्हे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. वॉरंट खटल्यांत (दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांच्या) आणि सत्र खटल्यांत, पुरावा मुळातच नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. तो अर्ज नसेल किंवा फेटाळला, तर दोषारोप निश्चित होतो, म्हणजे ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, तुम्ही अमुक केले’ हे वाचून दाखवले जाते. किरकोळ शिक्षेच्या समन्स खटल्यात औपचारिक दोषारोप नसतो, नुसता गुन्ह्याचा तपशील सांगितला जातो. दोन्हींकडे यानंतर तोच प्रश्न येतो.

‘कबूल नाही’ म्हणणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. सरकार पक्षाने आरोप पुराव्याने सिद्ध करावा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. उलट ‘कबूल आहे’ म्हटले की साक्षीदार तपासले जात नाहीत, फिर्यादीचा उलटतपास (विरुद्ध बाजूच्या वकिलाने प्रश्न विचारणे) होत नाही आणि त्या कबुलीवरच शिक्षा होऊ शकते. शिवाय कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील जवळजवळ बंद होते. शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच भांडता येते. व्हरांड्यातला सल्लागार हे कधी सांगत नाही. कबुली द्यायचीच असेल, तर ती परिणाम समजून, वकिलाशी बोलून आणि पहिला गुन्हा असल्यास परिवीक्षेची, म्हणजे शिक्षेऐवजी समज किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची, मागणी करून द्यावी.

भांडण मिटवायचेच असेल, तर त्यासाठी दुसरी आणि अधिक सुरक्षित वाट आहे. साधी दुखापत, बदनामी यांसारखी काही कलमे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ नुसार आपसांत मिटवता येतात, लोकअदालतीतही ही प्रकरणे ठेवली जातात, आणि अशी तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. बांध तोच, भांडण तेच, समोरचा चुलतभाऊही तोच. पण एका वाटेने नावावर दोषसिद्धी राहते आणि दुसरीने राहत नाही. तडजोड न होण्याजोगे कलम असेल, तर दोन्ही पक्षांत समेट झाल्यावर उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याची विनंती करता येते. मात्र खून, बलात्कार अशा गुन्ह्यांत समेट पुरत नाही.

खटला चालला तर आधी सरकारी साक्षीदारांचा सरतपास (सरकारी वकिलाने प्रश्न विचारणे) आणि उलटतपास होतो, मग आलेल्या पुराव्याबाबत न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारून त्याचे म्हणणे नोंदवतात, मग बचावाचे साक्षीदार, युक्तिवाद आणि निकाल. पुढची तारीख आणि झालेले कामकाज रोजनाम्यात असते; प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक माहीत असेल, तर ई-कोर्ट्‌स सेवेच्या ॲपवर तारीख घरबसल्या पाहता येते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कबुली देण्याची वेळ कुणावर येऊ नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि इतरांसाठी उत्पन्नमर्यादा असते. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते; १५१०० हा मदत क्रमांकही आहे.

दोषी ठरल्यानंतर

मोठ्या खटल्यांत दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर स्वतंत्र सुनावणी होते. वय, घरची जबाबदारी, पूर्वीचे वर्तन, नुकसानभरपाईची तयारी हे तेव्हा कागदपत्रांसह मांडावे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, आणि त्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीशी निगडित कायदेशीर अपात्रता लागत नाही. तरीही नोकरीतली खातेनिहाय कारवाई टळेलच असे नाही. खटल्यादरम्यान भोगलेली कोठडी शिक्षेच्या मुदतीतून वजा होते.

बाकीचे परिणाम निकालपत्रात लिहिलेले नसतात. महाराष्ट्र शासनाचा कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो, आणि दोषसिद्धीनंतर संविधानाच्या अनुच्छेद ३११ मधील चौकशीचे संरक्षण न मिळता बडतर्फी होऊ शकते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यास संसद आणि विधिमंडळाच्या निवडणुकीसाठी शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतरची सहा वर्षे अपात्रता येते. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टसाठी त्या न्यायालयाची परवानगी लागते, आणि आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एका वर्षाचाच मिळतो, म्हणून अर्जात मुदतीची मागणी स्पष्ट करावी. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल, तर पुढील पाच वर्षे पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो.

भरतीच्या नमुन्यात विचारलेली माहिती दडवू नये. खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळेलच असे नाही, पण दडवणे हेच नोकरी जाण्याचे स्वतंत्र कारण ठरते. त्या तरुणानेही रकाना खरा भरला आणि निकालाची प्रमाणित नक्कल जोडली. दंड किती, भांडण कशाचे, हे निवड समितीला त्यातूनच कळणार होते.

अपील करायचे असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस आणि सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांची मुदत असते. मृत्युदंडाच्या बाबतीत ती ३० दिवसच आहे. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करण्यापुरता वेळ मिळावा म्हणून त्याच न्यायालयाकडे त्याच दिवशी शिक्षा स्थगितीचा अर्ज करता येतो. तो अर्ज, जामीनदार आणि दंडाची रक्कम निकालाच्या दिवशी सोबत असावी, आणि नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज न्यायालयाचे आवार सोडण्यापूर्वी टाकावा.