कामाच्या दिवशी रात्रीचे नाटक: दादरला वेळेवर कसे पोहोचावे

आठवड्याच्या मधल्या दिवशी मित्रांसह नाटकाला जायचे ठरते, तिकिटे काढली जातात आणि दुपारी चार वाजता कचेरीत एखादे अनपेक्षित काम पुढे येते, हा अनुभव मुंबईत नोकरी करणाऱ्या पुष्कळांना असेल. मी स्वतः एकदा नाटकाचा पहिला अंक असाच गमावला आहे. अंधारात दुसऱ्यांचे पाय चुकवत खुर्ची शोधताना रंगमंचावरच्या नटाचे लक्ष आपल्याकडे गेले असेल, या विचाराने आलेला संकोच आजही आठवतो. तेव्हापासून मी तिसऱ्या घंटेपासून, म्हणजे नाटक सुरू होण्याच्या क्षणापासून, उलटे मोजत दिवस आखतो.

समजा, दादरच्या शिवाजी मंदिरात रात्री आठचा प्रयोग आहे आणि कचेरी फोर्ट भागात आहे. पावणेआठला नाट्यगृहाच्या दारात असायचे, त्याआधी अर्धा-पाऊण तास खाण्यासाठी हवा, म्हणजे सातच्या आधी दादरला उतरले पाहिजे आणि त्यासाठी सहाच्या सुमारास कचेरी सोडली पाहिजे. प्रयोग कधीकधी पाच-दहा मिनिटे उशिरा सुरू होतो. पण तो वेळ हिशेबात धरू नये.

सहाला निघायचे असेल तर त्याची तयारी आदल्या दिवशीच करावी. वरिष्ठांना एक दिवस आधी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. त्याच दिवशी संध्याकाळी परवानगी मागणे त्यांनाही अडचणीचे होते. ज्या कामात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते, ते सकाळी सर्वांत आधी पाठवावे, म्हणजे उत्तर दुपारपर्यंत हाती येते. डोके लागणारे काम जेवणाच्या सुट्टीपूर्वी संपवावे. साडेचारला सहकाऱ्यांना आपणहून विचारावे, की आज माझ्याकडून आणखी काही हवे आहे का. या एका प्रश्नामुळे साडेपाचला येणारी बरीच कामे साडेचारलाच समोर येतात आणि ती पुरी करण्यास वेळ मिळतो. परदेशी ग्राहकांशी रात्री बैठका असणाऱ्यांनी मात्र त्या दिवशीचे तिकीट काढूच नये, शनिवार-रविवारचा प्रयोग पाहावा.

प्रवासात गाडीची निवड महत्त्वाची असते. चर्चगेटहून संध्याकाळी विरार जलद गाडीत चढण्याचा मोह टाळावा, कारण दारातल्या गर्दीतून दादरला उतरणे नवख्या प्रवाशाला जवळजवळ अशक्य होते. धीमी गाडी काही मिनिटे जास्त घेते, पण उतरण्याची काळजी कमी असते. वांद्रे-कुर्ला संकुलात काम करणाऱ्यांना आता मेट्रो तीनची सोय आहे. धारावी आणि शीतलादेवीनंतर थेट दादर येते. शिवाजी मंदिर पश्चिमेला, प्लाझा चित्रपटगृहासमोर आहे. स्थानकापासून ते चालत जाण्याइतके जवळ असले, तरी संध्याकाळी फूलबाजार आणि फेरीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते, म्हणून त्यासाठी पुरेसा वेळ ठेवावा.

नाटकाआधीच खाऊन घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. प्रयोग संपता संपता साडेदहा होतात आणि तोवर दादरची बरीच मराठी उपाहारगृहे बंद झालेली किंवा आवरत आलेली असतात. साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, वर पियूष इतके पुरेसे आहे. दिवसभराच्या थकव्यावर भरगच्च थाळी घेतली की दुसऱ्या अंकात डोळे मिटू लागतात. शिवाय मध्यंतरात शिवाजी मंदिरातला बटाटेवडा खायचा असतोच, त्यासाठी पोटात जागा राहू द्यावी. मित्रांच्या गप्पांसाठीही हीच वेळ उत्तम, कारण नाटक सुटल्यावर प्रत्येकाचे लक्ष घड्याळाकडे असते.

तिकिटे एकानेच काढावीत, म्हणजे खुर्च्या शेजारी मिळतात. मात्र प्रत्येकाचे तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवावे. चौघांची तिकिटे एकाकडे असली आणि तोच गाडीत अडकला, तर उरलेले तिघे दारात उभे राहतात. ज्याला उशीर होण्याचा संभव आहे, त्याला वाटेलगतची खुर्ची द्यावी, आणि दुसरी घंटा झाली की कोणाचीही वाट न पाहता सर्वांनी आत जावे, हे आधीच ठरवून घ्यावे. त्यात रुसण्यासारखे काही नाही. मधल्या वारी प्रयोग कमी असतात, म्हणून वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिराती किंवा तिकिटालय, बुक माय शो यांवर आठवडाभर आधी नजर टाकावी.

पडदा उघडण्याआधी फोन पूर्ण बंद करावा, कारण थरथरण्याचा आवाजही शांत प्रसंगात तीन-चार रांगांपर्यंत पोहोचतो आणि फोनचा उजळलेला पडदा मागच्यांच्या डोळ्यांवर येतो. लॅपटॉपची पिशवी वाटेत न ठेवता पायांशी घ्यावी.

परतीची गाडी सकाळीच पाहून ठेवावी. कर्जत-कसाऱ्याकडे किंवा विरारकडे जाणाऱ्यांसाठी रात्री उशिरा गाड्यांमधील अंतर वाढते, आणि मेट्रो लोकलपेक्षा लवकर बंद होते. एकाच दिशेला जाणाऱ्यांनी सोबतच निघावे. नाटकावरची खरी चर्चा त्या रिकाम्या डब्यातच होते.