घाईच्या घरासाठी ओट्सचे बार: एका बैठकीत आठवड्याची सोय

घरी भाजलेल्या ओट्सच्या बारबद्दल एकच तक्रार वारंवार ऐकू येते, ती म्हणजे चव चांगली आली, पण सुरी लावताच सगळ्याचा चुरा झाला. असे झाले की माणूस साहित्याला दोष देतो आणि पुढच्या वेळी मध वाढवतो. मग बार चिकट आणि अतिगोड होतात, तरीही सुटायचे ते सुटतातच. दोष बहुधा साहित्यात नसतो. मिश्रण पुरेसे दाबून थापलेले नसते आणि बार पुरते थंड होण्याआधीच कापलेले असतात. हे दोन टप्पे नीट सांभाळले, तर स्वयंपाकाचा फारसा सराव नसलेल्या व्यक्तीलाही डब्यात न मोडणारे बार पहिल्याच प्रयत्नात जमू शकतात.

प्रत्यक्ष हाताचे काम सुमारे ४० मिनिटांचे आहे. बाकीचा वेळ ओव्हन आणि गार होणे यांत जातो, आणि तेवढ्या वेळात घरातली दुसरी कामे उरकता येतात. तरीही कामाच्या दिवशी संध्याकाळी हा घाट घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्या वेळी गार होण्याची वाट पाहण्याइतका धीर कोणाजवळच नसतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी बार ओव्हनमध्ये गेले, की दुपारी निवांतपणे कापता येतात.

२० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी ट्रेमध्ये १२ बार होतात. त्यासाठी २०० ग्रॅम ओट्स, ६० ग्रॅम बदाम किंवा अक्रोड, सूर्यफुलाच्या व भोपळ्याच्या मिळून ४० ग्रॅम बिया, ९० ग्रॅम मनुका किंवा चिरलेला खजूर अथवा जर्दाळू, ११० ग्रॅम मध, ७० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम ब्राऊन शुगर, ५० ग्रॅम शेंगदाण्याचे किंवा बदामाचे बटर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घ्यावे. मीठ वगळू नये, कारण तेवढ्याशा मिठाने ओट्सची आणि सुक्या मेव्याची चव उठून येते आणि गोडवा अंगावर येत नाही. शक्य असल्यास साहित्य वाटीने न मोजता वजनकाट्यावर तोलावे. वाटीत मध कधी काठोकाठ भरला जातो, कधी थोडा कमी, आणि मधाच्या २०–३० ग्रॅमच्या फरकानेही बार कोरडा तरी होतो नाहीतर चिवट तरी.

ओट्स चपटे, अखंड पाकळीचे घ्यावेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स पाक चटकन शोषतात, त्यामुळे बार दाट आणि मऊ होतो. तो खायला वाईट लागत नाही, पण त्याला कुरकुरीतपणा येत नाही. तुकडे केलेले जाड ओट्स मात्र या कामाला अजिबात चालत नाहीत. एवढ्या वेळात ते मऊ पडत नाहीत आणि दातांखाली खड्यासारखे लागतात.

पहिले काम भाजण्याचे. ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर तापवावा. ओव्हनला आत हवा फिरवणारा पंखा असेल, तर तापमान २० अंशांनी कमी ठेवावे. ओट्स, जाडसर चिरलेले बदाम किंवा अक्रोड आणि बिया मोठ्या ट्रेमध्ये एका थरात पसरून १० ते १२ मिनिटे भाजाव्यात आणि मधे एकदा हलवाव्यात. खमंग वास सुटला आणि ओट्सच्या कडा किंचित तांबूस दिसू लागल्या, की ट्रे बाहेर काढावा. घाईत हा टप्पा अनेकजण गाळतात, पण भाजल्याने ओट्समधला ओलावा निघून जातो आणि खमंगपणा आतपर्यंत मुरतो. न भाजलेल्या ओट्सचा बार वरून सोनेरी दिसला, तरी आतून पिठूळ लागतो.

ओट्स भाजले जात असताना सुका मेवा गरम पाण्यात १० मिनिटे भिजवावा, मग घट्ट पिळून स्वच्छ कापडावर कोरडा करावा. फार वाळलेल्या मनुका भाजताना दगडासारख्या होतात, भिजवल्याने त्या मऊ राहतात. पाणी मात्र पूर्ण निघाले पाहिजे, नाहीतर तोच ओलावा दोन दिवसांत ओट्समध्ये उतरून बार लिबलिबीत होतात.

आता पाक करावा. जाड बुडाच्या भांड्यात लोणी, मध, ब्राऊन शुगर आणि मीठ एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळली आणि पाकावर सगळीकडे बुडबुडे आले, की त्या क्षणापासून २ मिनिटे उकळू द्यावे, त्याहून जास्त नाही. स्वयंपाकाचा तापमापक असेल, तर ११२ ते ११५ अंश सेल्सिअसवर आच बंद करावी. तो नसेल, तर थंड पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळा करून पाहावा. मऊ गोळी झाली, तर पाक झाला असे समजावे. पाक कच्चा राहिला, तर बार सुटे होतात. पुढे गेला, तर इतके कडक होतात की लहान मुलांना चावता येत नाहीत. आच बंद केल्यावर शेंगदाण्याचे बटर घालून ढवळावे. उकळता पाक त्वचेला चिकटून राहतो आणि साध्या गरम पाण्यापेक्षा खोल भाजतो, म्हणून या वेळी मुलांना शेगडीपासून दूर ठेवावे.

भाजलेले साहित्य आणि मेवा मोठ्या भांड्यात घेऊन त्यावर पाक ओतावा आणि प्रत्येक ओट ओला दिसेपर्यंत उलथन्याने खालीवर करावे. कोरडा राहिलेला प्रत्येक दाणा म्हणजे बार तिथून तुटण्याची जागा असते. बार अधिक घट्ट हवे असतील, तर मिश्रण कोमट झाल्यावर एका अंड्याचा हलका फेटलेला पांढरा भाग त्यात मिसळावा. मिश्रण गरम असताना घातल्यास अंडे तिथल्या तिथे शिजते आणि त्याचा बांधणीसाठी काही उपयोग होत नाही.

थापणे हा या कृतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ट्रेमध्ये बटर पेपर असा अंथरावा, की त्याची दोन टोके बाहेर राहतील. पुढे तीच धरून संपूर्ण चौकोन उचलायचा असतो. मिश्रण आधी कोपऱ्यांत आणि कडांना भरावे, मग मध्यभागी. वर बटर पेपरचा दुसरा तुकडा ठेवून सपाट बुडाच्या वाटीने किंवा पेल्याने, हाताचा पूर्ण भार देऊन, कडेपासून मध्यापर्यंत दाबत जावे. हलक्या हाताने पृष्ठभाग सारखा करणे म्हणजे थापणे नव्हे. मिश्रण आपल्या अंदाजापेक्षा जास्त खाली बसले पाहिजे, आणि संपूर्ण ट्रे एकदा दाबून झाल्यावर पुन्हा एकदा तसाच दाबावा. वर डोकावणाऱ्या मनुका बोटाने आत सारून द्याव्यात, कारण उघड्या राहिलेल्या मनुका करपतात आणि कडू होतात.

वरचा कागद काढून ट्रे १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजावा. कडा गडद सोनेरी आणि मधला भाग फिकट सोनेरी दिसला, की बार झाले. या वेळी मध्यभागी बोट लावले, तर मिश्रण मऊच लागते, आणि ते कच्चे आहे असे वाटून अनेकजण ट्रे पुन्हा आत ढकलतात. तसे करू नये. पाक गरम असताना मऊ आणि थंड झाल्यावरच घट्ट असतो, त्यामुळे कडकपणा ओव्हनमध्ये नव्हे, ओट्यावर येतो. मधामुळे रंगही लवकर चढतो, म्हणून शेवटची ५ मिनिटे ओव्हनवर नजर ठेवावी. गडद रंगाचा ट्रे वापरत असाल, तर २२ मिनिटांपासूनच पाहावे.

बाहेर काढल्यावर वाटीने आणखी एकदा हलके दाबावे आणि ट्रे किमान २ तास तसाच ठेवावा. त्यानंतर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यास काप स्वच्छ येतात. मग कागदासह चौकोन उचलून लांब, धारदार सुरीने मधोमध एक काप द्यावा आणि प्रत्येक अर्ध्याचे सहा पट्टे करावेत. सुरी करवतीसारखी मागेपुढे न ओढता वरून सरळ खाली दाबावी. जो थोडा चुरा पडेल, तो दह्यात किंवा दुधात घालून खाता येतो.

गोडाविषयी स्पष्ट बोलणे गरजेचे आहे, कारण घरी केले म्हणजे हवे तितके खावे, असा समज सर्रास आढळतो. वरील प्रमाणात एका बारमध्ये मध आणि साखर यांतून साधारण ११ ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मोकळ्या साखरेतून, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या साखरेसारख्या गोडातून, मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि मोकळ्या साखरेत मधही धरला जातो. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते, म्हणजे एक बार पुरेसा आहे. गोड कमी करायचे असेल, तर ब्राऊन शुगर निम्मी करावी. मध कमी केला, तर बांधणीच जाते.

एक वर्षाखालील बाळाला मध घातलेला बार देऊ नये. मधात बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि घरगुती ओव्हनच्या उष्णतेने ते मरतील याची खात्री नसते. पाच वर्षांखालील मुलांसाठी बदाम-अक्रोडाची पूड करून घालावी, कारण त्यांचे तुकडे घशात अडकू शकतात. शाळेत कोणाला शेंगदाण्याची किंवा बदाम-अक्रोडाची ॲलर्जी असेल, तर त्यांच्या जागी सूर्यफुलाच्या बिया आणि त्यांचेच बटर वापरावे. घरात कोणाला सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा) असल्यास ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेलेच ओट्स घ्यावेत, कारण साध्या ओट्समध्ये गव्हाचा अंश मिसळलेला असू शकतो.

पुढच्या वेळेची सोय याच दिवशी करून ठेवणे मला सर्वांत उपयोगी वाटते. कोरडे साहित्य आणखी दोन बरण्यांत तोलून भरावे, बरणीवर मध आणि लोण्याचे प्रमाण लिहून ठेवावे, आणि बिया व अक्रोड असल्यामुळे बरण्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे त्यांतल्या तेलाला खवट वास येत नाही. तोलण्याचा वेळ वाचला, की दुसऱ्या खेपेचे काम निम्मे होते.

बार हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवल्यास आठवडाभर टिकतात. हवा दमट असेल, तर फ्रिजमध्ये ठेवावेत. एकेक बार वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये २ ते ३ महिने ठेवता येतो. सकाळी तो थेट डब्यात टाकला, तर मधल्या सुट्टीपर्यंत खाण्याजोगा होतो. काही दिवसांनी बार मऊ पडले, तर १५० अंशांवर ८ मिनिटे तापवून पूर्ण गार होऊ द्यावेत, म्हणजे त्यांचा कुरकुरीतपणा परत येतो.