थंडीत वेल मलूल झाली? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत ठाणे, नवी मुंबईतल्या बाल्कन्यांमध्ये मधुमालतीची पानं पिवळी पडून गळू लागतात, मनीप्लांटची वाढ खुंटते, पानवेलीला नवं पान फुटत नाही. वेल गारठली असं वाटून लोक पाणी वाढवतात, जोडीला खताचा डोसही देतात. आपल्याकडे रात्रीचा पारा फार तर 15 अंशांच्या आसपास उतरतो. तेवढ्या थंडीने यातली एकही वेल मरत नाही, पण जास्तीच्या पाण्याने नक्की मरते. वाढ मंदावली की मुळं पाणी कमी ओढतात, कुंडीतली माती ओलीच राहते आणि हवा न मिळाल्याने मुळं कुजतात.

आधी खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर वेल जिवंत आहे. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. कुंडीखालच्या प्लेटमध्ये साचलेलं पाणी ओतून टाका. खत थेट फेब्रुवारीत.

बुंध्याशी खोड काळं, मऊ पडलं असेल आणि पानं हिरवी असतानाच माना टाकत असतील, तर ती मूळकूज. पानवेलीला हा रोग फार लवकर लागतो, विशेषतः पावसाळ्यात. अशी वेल वाचवत बसू नका. वरचा निरोगी भाग तीन-चार पेरांचा कापून कोऱ्या मातीत लावा, बाकी मुळांसकट काढा. ती माती दुसऱ्या कुंडीत मुळीच टाकू नका, रोग तिच्यातूनच पसरतो. शेजारच्या शोभेच्या वेलींना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला 3 ग्रॅम घेऊन मुळाशी ओता. पानं खायची असतील तिथे शेणखतात मिसळलेला ट्रायकोडर्माच बरा, ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी. दोन्ही एकाच कुंडीत एकदम देऊ नका, तांब्याने ट्रायकोडर्माही मरतो.

वेलगुलाबावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी लवकर फवारा. दुपारच्या उन्हात पानं करपतात. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

छाटणीला उशीरही नडतो. मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर, जुई जानेवारीअखेर छाटावी, जमिनीपासून साधारण दीड फूट ठेवून. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे मार्चमध्ये कात्री लावली की तो बहर हातचा जातो.