ठोके चुकतात म्हणून हार्टच्या डॉक्टरांकडे जाताना

पिशवीत सगळ्यात आधी जाईल तो धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे थरथरून ठोके अनियमित होणं, सुरुवातीला बऱ्याचदा येतं आणि आपोआप जातं. मोठ्या डॉक्टरांपुढे बसेपर्यंत ठोके सरळ झालेले असतात आणि तिथला ईसीजी नॉर्मल निघतो. आईच्या वेळी आमच्याकडे नेमकं हेच झालं. घराजवळच्या दवाखान्यात रात्री काढलेली पट्टी कपाटातच राहिली आणि निदान लांबलं. हा कागद बहुधा थर्मल असतो, छपाई हळूहळू उडते. झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने कागद काळा पडतो.

चालू औषधांची पाकिटंच न्या, "ती पांढरी गोळी" म्हणून काही कळत नाही. गुडघेदुखीची गोळी, सर्दीचं औषध, काढे, चूर्णं, सगळं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत काही वेदनाशामकं घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. थायरॉइडचा आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट असेल तर घ्या. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. त्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाली असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी कोणती द्यायची हेच बदलतं.

ईसीजीचा कागद ठेवलात ना? आत्ता उठून ठेवा, निघताना राहतो.

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चाराने गुणू नका, ठोकेच अनियमित असतील तर तो आकडा फसवा. धडधड कधी झाली, किती वेळ टिकली, चक्कर आली का, हे वहीत लिहा.

होल्टर (अंगावर लावून ठेवायचं, सलग ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावणार असतील तर आंघोळ करून जा, छातीला तेल-पावडर नको, शर्ट पुढून बटणांचा. यंत्र लावलं म्हणून दिवसभर पडून राहू नका, रोजची कामं करा. धडधडलं की बटण दाबा, वेळ लिहा. जुना ईसीजी असला तर होल्टर कशासाठी लावायचा हेही डॉक्टरांना नीट ठरवता येतं. म्हणून तो कागद, परत सांगते.

पक्षाघाताचा धोका किती, हे स्वतःहून विचारा. वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचून गाठ होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. धडधड थांबली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही. त्यातली वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) वेळेवर, पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात. ही गोळी चालू आहे हे दातांच्या डॉक्टरांनाही सांगा.

पैसे, विम्याचं कार्ड, चष्मा. सोबत कोणीतरी.

चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, 108 लावा.