मधुमेह सांभाळून मॅरेथॉनची तयारी कशी करावी

पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते आणि हौशी धावपटूला ते पार करायला साधारण चार ते सहा तास लागतात. एवढा वेळ पायांचे स्नायू रक्तातली साखर सतत ओढून घेत असतात. मधुमेह नसलेल्या माणसाच्या शरीरात धावणे सुरू झाले की इन्सुलिनचे प्रमाण आपोआप खाली येते आणि यकृत लागेल तेवढी साखर रक्तात सोडत राहते. पण ज्याने इन्सुलिन टोचून घेतले आहे किंवा इन्सुलिन वाढवणारी गोळी घेतली आहे, त्याला एकदा शरीरात गेलेले औषध वाटेत कमी करता येत नाही. मधुमेही धावपटूची सगळी वेगळी तयारी या एका गोष्टीतून निघते.

हा लेख ज्यांना न थांबता आठ-दहा किलोमीटर धावता येते आणि ज्यांचे औषधोपचार स्थिरावलेले आहेत, त्यांच्यासाठी आहे. मी स्वतः टाइप २ मधुमेही आहे आणि रात्री इन्सुलिन घेतो. समोर उदाहरण मुंबई मॅरेथॉनचे ठेवले आहे. ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे वीस आठवडे मागे मोजले तर तयारी ऑगस्टच्या अखेरीस, ऐन पावसात सुरू करावी लागते.

पहिली पायरी : डॉक्टरांकडे जाताना नेमके काय विचारावे

‘धावू का?’ एवढाच प्रश्न विचारला तर ‘जपून धावा’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून चार गोष्टींची तपासणी नाव घेऊन मागावी. पहिली हृदयाची, ज्यात ईसीजी आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट येते. मधुमेहात हृदयविकाराची कळ नेहमीसारखी जाणवेलच असे नसते, त्यामुळे चाळिशीनंतर ही तपासणी टाळू नये. दुसरी डोळ्यांच्या पडद्याची. पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोराच्या व्यायामाने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी उपचार आणि मग धावणे. तिसरी मूत्रपिंडाची : क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन. चौथी तळपायांची. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का हे पाहणारी ही तपासणी दोन मिनिटांत होते, पण तिच्यावर फार काही अवलंबून असते, कारण ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही त्या पायाने तीस किलोमीटर धावणे धोक्याचे आहे.

त्यानंतर औषधांची यादी समोर ठेवून एकेका गोळीबद्दल बोलावे. नुसते मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन घेणाऱ्याची साखर धावताना धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका खरा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात; त्यांच्यामुळे शरीरातले पाणी कमी होते आणि क्वचित साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ, साठून आम्लता वाढते, म्हणून लांब पल्ल्याच्या धावेआधी त्या थांबवायच्या का आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोल चालू असेल तर साखर उतरताना होणारी छातीची धडधड आणि हातांची थरथर दबून जाते. घाम तेवढा येतो, पण धावणाऱ्याला घाम वेगळा कसा ओळखू यावा? अशा व्यक्तीने लक्षणांवर विसंबू नये, आकड्यावरच विसंबावे.

दुसरी पायरी : वही

साधी दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक धावेची नोंद एका ओळीत करावी : तारीख, वेळ, शेवटचे खाणे काय आणि किती वाजता, औषध किती, धावण्यापूर्वीची साखर, मधली साखर, संपल्यावरची, झोपतानाची आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावरची. सहा-सात आठवड्यांत या ओळींमधून तुमच्याच शरीराचा नियम दिसू लागतो. माझ्या वहीत तो असा दिसला की, पहाटे उपाशीपोटी दहा किलोमीटर धावलो तर साखर फारशी हलत नाही, पण तेवढेच अंतर संध्याकाळी चहा-पोह्यांनंतर धावलो तर ती ५०-६० ने उतरते. पहाटे शरीरातली काही संप्रेरके साखर वर धरून ठेवतात, हे त्यामागचे कारण. परंतु तुमचा आकडा तुमच्याच वहीत सापडेल, माझ्या वहीत नाही. इथे आणि पुढेही साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये, म्हणजे आपल्या ग्लुकोमीटरवर दिसतात तसेच आहेत.

मोजताना होणारी एक चूक मला सांगायलाच हवी, कारण ती मी केली आहे. चोवीस किलोमीटरच्या धावेत अठराव्या किलोमीटरला समुद्राकाठच्या कठड्यावर बसून बोट टोचले आणि आकडा आला २८६. पाय जड झाले होते, डोके हलके वाटत होते आणि त्या आकड्याशी यातले काहीच जुळत नव्हते. मग लक्षात आले की दहा मिनिटांपूर्वी फाडलेल्या एनर्जी जेलचा, म्हणजे धावताना खायच्या गोड, घट्ट पाकाच्या पुडीचा, चिकटपणा बोटांवर तसाच होता. बाटलीतल्या पाण्याने बोट धुतले, रुमालाने कोरडे केले, दुसरी स्ट्रिप लावली : ७१. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून खाणे टाळले असते तर पुढच्या दोन किलोमीटरमध्ये मी कोसळलो असतो. तेव्हापासून कमरपट्ट्यात पाण्याची छोटी बाटली आणि सुती कापडाचा तुकडा कायम असतो, आणि शंका आली तर आधी हात धुतो.

दंडावर लावायचा सेन्सर परवडत असेल तर लांब धावांच्या आठवड्यांत तो जरूर लावावा. मात्र सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून साखर वेगाने उतरत असताना तो काही मिनिटे मागे असतो. सेन्सर ९० आणि खाली जाणारा बाण दाखवत असेल तर रक्त कदाचित ७५ वर पोहोचलेले असते. बाणाकडे आकड्याइतकेच लक्ष द्यावे.

तिसरी पायरी : घराबाहेर पडण्यापूर्वीचा आकडा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांसाठी निघण्याच्या वेळी साधारण १२६ ते १८० ही सोयीची पातळी मानली जाते. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम साखर घेऊन, पुन्हा मोजून, आकडा वर आल्याशिवाय निघू नये. ९० ते १२५ च्या दरम्यान असेल तर १० ग्रॅम साखर घेऊन हळू सुरुवात करावी. २५० च्या वर असेल तर, विशेषतः टाइप १ मधुमेह असलेल्यांनी, कीटोन तपासावेत. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून अधिक असतील तर त्या दिवशी धावू नये, कारण इन्सुलिनचा तुटवडा असताना धावल्याने साखर आणि कीटोन दोन्ही वाढतात. मागच्या चोवीस तासांत दुसऱ्याच्या मदतीने सावरावे लागले एवढी साखर उतरली असेल, तर त्या दिवशी पूर्ण विश्रांती घ्यावी. यात तडजोड नाही.

धावण्यापूर्वीचे इन्सुलिन मांडीत घेऊ नये. राबणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर शोषले जाते. पोटावर घ्यावे. जेवणाचे इन्सुलिन धावेच्या दोन तास आधी पडत असेल तर डॉक्टर ते बऱ्याचदा पाव ते निम्म्याने, कधी त्याहूनही जास्त कमी करतात. किती कमी करायचे हे ठरवण्यासाठीच वही डॉक्टरांपुढे ठेवायची असते. आपल्या मनाने ठरवू नये.

चौथी पायरी : आठवड्याची आखणी आणि रविवारची लांब धाव

आठवड्यातून चार दिवस धावणे पुरेसे आहे : दोन सहज गतीच्या धावा, एक थोडी जोराची आणि रविवारी लांब. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस पाय आणि कंबर बळकट करणारा व्यायाम करावा. लांब धाव दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटरने वाढवावी, दर चौथ्या आठवड्याला ती मुद्दाम कमी करावी आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३० ते ३२ किलोमीटरवर थांबावे. जोराच्या धावेनंतर साखर उतरण्याऐवजी चढलेली दिसते. त्याने घाबरून जास्तीचे इन्सुलिन घेऊ नये; ती संप्रेरकांमुळे आलेली तात्पुरती वाढ असते आणि तास-दोन तासांत बहुधा आपोआप ओसरते.

तास-दीड तासापेक्षा लांब धावेत खाणे लागतेच. साधारणपणे ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत आणि ती एकदम न घेता दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडी थोडी घ्यावीत. मधुमेही माणसाला इथे मनाची मोठी अडचण येते. वर्षानुवर्षे साखरेला ‘नको’ म्हणत आल्यावर धावताना गोड खायचे म्हणजे काहीतरी गुन्हा केल्यासारखे वाटते, आणि गटातले लोकही ‘अहो, तुम्हाला चालतं का हे?’ असे विचारतात. चालते. त्या वेळी ती साखर इंधन म्हणून जळत असते. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात, मध्यम केळ्यातही जवळपास तेवढीच. चिक्की आणि लाडू घरी आल्यावर खावेत. त्यातल्या तेला-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. ओआरएसबद्दलही एक गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ते क्षार भरून काढण्यासाठी उत्तम आहे, पण उतरलेली साखर वर आणण्यासाठी अपुरे आहे.

साखर ७० च्या खाली आली किंवा ओठ बधिर होणे, नजर अंधुक होणे, विनाकारण चिडचिड, गतीचा हिशेब न जुळणे यांपैकी काही जाणवले, तर धावणे तिथेच थांबवावे. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे, पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे, पुन्हा मोजावे आणि गरज पडल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. ५४ च्या खाली गेली असेल तर त्या दिवसाची धाव संपली असे समजून रिक्षाने घरी यावे. गटातल्या निदान दोघांना हे आधीच सांगून ठेवावे आणि हेही सांगावे की माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवून वैद्यकीय मदत बोलवायची.

संकष्टी किंवा एकादशी लांब धावेच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी आली तर उपास किंवा धाव यांपैकी एक पुढे ढकलावे. ज्यांच्या घरी उपास मोडता येत नाही त्यांनी धाव पुढे ढकलावी.

पाचवी पायरी : धावेनंतरची रात्र

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. रिकामे झालेले स्नायू पुढचे चोवीस, कधी अठ्ठेचाळीस तास रक्तातली साखर ओढत राहतात. माझ्या पहिल्या २८ किलोमीटरनंतर झोपताना साखर १३२ होती आणि मी निश्चिंत झोपलो. रात्री अडीचला बायकोने हलवून उठवले. उशी घामाने ओली झाली होती आणि ती काय विचारते आहे ते मला कळत होते, पण उत्तर जुळवता येत नव्हते. मीटरवर ४९ आले. तिने साखरेचे पाणी पाजले आणि पुन्हा मोजेपर्यंत ती माझ्याजवळ बसून होती. त्यानंतर डॉक्टरांनी लांब धावेच्या रात्रीचे माझे इन्सुलिन वीस टक्क्यांनी कमी करून दिले. तेव्हापासून त्या रात्री झोपण्यापूर्वी मी थोडे दूध-भाकरी खातो आणि अडीचचा गजर लावतो. एकटे राहणाऱ्याने हा गजर कधीही चुकवू नये, आणि लांब धावेच्या दिवशी मद्य घेऊ नये, कारण मद्यामुळे यकृताची साखर सोडण्याची क्षमता मंदावते.

पाय

पावसाळ्यात बूट दोन दिवस सुकत नाहीत आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. इतरांना त्या नुसत्या खाजतात, पण मधुमेह्याच्या पायात त्याच भेगेतून जंतुसंसर्ग आत जातो. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवावेत, घरी येताच पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवा आरशात पाहावा. बूट अर्धा-एक अंक मोठे घ्यावेत आणि ते संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्यावेत. फोड आला तर तो फोडू नये. जखम दोन-तीन दिवसांत सुकताना दिसली नाही तर डॉक्टरांना दाखवावी, मग वेळापत्रकातली धाव चुकली तरी चालेल.

सहावी पायरी : शर्यतीचा आठवडा आणि शर्यत

आदल्या तीन दिवसांत भात-बटाट्याचे ताट दुप्पट करण्याची पद्धत आपल्याला मानवत नाही. एकूण जेवण तेवढेच ठेवून त्यात भाकरी-भाताचा वाटा थोडा वाढवावा, तेल-तूप कमी करावे आणि त्या दिवसांत साखर एरवीपेक्षा अधिक वेळा मोजावी.

शर्यत पहाटे सुटते, म्हणून खाणे दोन-अडीच तास आधी, म्हणजे अडीच-तीनच्या सुमारास होते. लांब धावांच्या आधी जे खाल्ले आहे तेच खावे. सुटण्याच्या ठिकाणी उत्साहाने साखर चढते; एरवी १३० असणारी माझी साखर तिथे १९० च्या आसपास असते. ती उतरवण्यासाठी इन्सुलिन घेऊ नये, पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्ये ती खाली येते. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीच्या, मागे आजार, औषधे आणि घरचा फोन क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहावा. मीटर आणि स्ट्रिपा प्लास्टिकच्या पिशवीत, घामापासून दूर ठेवाव्यात. दहाव्या, विसाव्या, सत्ताविसाव्या आणि चौतिसाव्या किलोमीटरला मोजण्यासाठी थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. एका वेळेला मिनिट-दीड मिनिट जाते आणि ते द्यावे. मुंबईच्या मार्गावरच्या पेडर रोडच्या चढाला पाय जड होतात तेव्हा तो थकवा आहे की साखर उतरली आहे, हे त्या अवस्थेत ओळखता येत नाही, म्हणून चढाच्या आधीच मोजावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. प्रत्येक टेबलावर भरपूर पाणी पिण्याने रक्तातले सोडियम उतरू शकते. पाय दुखतात म्हणून इब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नये, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते.

शर्यत संपल्यावर पदक घेताना आधी मोजावे, मग फोटो काढावेत. अर्ध्या-पाऊण तासात जेवावे, बूट-मोजे काढून दोन्ही तळवे पाहावेत आणि पुढच्या दोन रात्री अडीचचा गजर ठेवावा. औषधाची मात्रा पूर्ववत कधी करायची हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात वही दाखवून ठरवावे.